वर चढलेल्याची खुर्ची

मांद्रेकर मॅडम कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करत. दाराची कडी, फ्रिज, लोखंडी गेट, बसचा दांडा. आधी बोटांची पाठ टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग हात उलटा करून धरायचं. विजेच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसांची ही सवय असते. करंट असलेली वस्तू तळहाताने धरली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. बोटांची पाठ लावली तर हात झटक्याने मागे येतो. मॅडमच्या बाबतीत ही सवय विजेपुरती राहिली नव्हती. एकदा कामावर असताना मला ताप भरला, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला अशीच बोटांची पाठ लावली आणि नेहमीसारख्या थांबल्या. त्या क्षणभरात त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तापाच्या मानाने फार जास्त होतं.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा त्या वीज खात्यातून निवृत्त होऊन सल्लागार म्हणून आमच्या प्रकल्पावर आल्या होत्या. गोव्यात डिचोली तालुक्यात, एका बंद पडलेल्या खाणीच्या जुन्या वर्कशॉपमध्ये आमची प्रयोगशाळा होती. खाण बंद होऊन काळ लोटला तरी टेबलांवर लाल धूळ बसायची ती बसायचीच. काम होतं स्मार्ट ग्रिडचं. म्हणजे असं की, तारेवर झाड पडलं आणि गावाची वीज गेली तर माणसाने जाऊन स्विच शोधण्याऐवजी यंत्रणेनेच बिघाड कुठे आहे ते ओळखायचं, तेवढाच तुकडा तोडायचा आणि बिघाड दूर झाला की आपोआप वीज परत द्यायची. बाकीचे लोक ही यंत्रणा बनवत होते. ती माणसाला कशी मारू शकेल याचा विचार करणं आणि तो विचार प्रयोगाने तपासणं, हे मॅडमचं काम होतं. मी त्यांची मदतनीस.

पहिल्याच बैठकीत मी एक चूक केली. उशीर झाला होता, एकच खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर जाऊन बसले. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ऊठ गो. ती वर चढलेल्याची."

मला वाटलं कोणी साहेब गच्चीवर गेले असतील. बैठकभर मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्यांची वाट पाहिली. कोणी आलं नाही. नंतर कळलं, मॅडमच्या प्रत्येक बैठकीत एक खुर्ची अशी मोकळी ठेवायची पद्धत होती. आपण इथे पंख्याखाली बसून बोलतो तेव्हा कुठल्यातरी खांबावर एक माणूस चढलेला असतो, ही खुर्ची त्याची. पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या, तरी मॅडम स्वतः स्टुलावर बसत. ती खुर्ची तशीच.

त्या मूळच्या पेडण्याच्या, पार्शाच्या. बोलणं मराठी, पण राग आला किंवा काळजी वाटली की कोकणी व्हायचं. त्यांचा सगळ्यात आवडता शब्द "मागीर". मागीर म्हणजे मग, त्यानंतर. कोणी अभियंता समजावून सांगायचा, की सिग्नल इथून तिथे जातो. "मागीर?" मग स्विच उघडतो. "मागीर?" मग लाइन बंद होते. "मागीर?" मग काही नाही मॅडम, संपलं. "संपना रे. मागीर माणूस वर चढता. मागीर?"

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. धोक्यांचे तक्ते मी इंग्रजीत भराभर लिहायची. मॅडम ते वाचायच्या आणि म्हणायच्या, "हे आता आईला सांगतेस तसं सांग." मी अडखळत मराठीत सांगायची. "लाइनमनला इजा" असं लिहिलेलं, सांगताना "त्याचे हात भाजतील आणि तो वरून पडेल" असं व्हायचं. "आता कळलं ना तुला काय लिहिलंयस? मग आता लिही परत इंग्रजीत." हा लेख मी मराठीत लिहिते आहे त्याचं कारणही बहुधा तेच असावं.

प्रयोग आखण्याची त्यांची एक रीत होती. प्रयोग काय करायचा हे नंतर. आधी तो थांबवणार कोण ते ठरवायचं. थांबवणाऱ्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. मोजमाप नाही, फोटो नाही, कोणाला पाणी देणं नाही. फक्त लाल बटणावर हात ठेवून बघत राहायचं. हे काम त्यांनी मला दिलं. मी बोलत नाही, कोणात मिसळत नाही, याबद्दल घरीदारी सगळ्यांची तक्रार असायची. मॅडम म्हणाल्या, "जी कमी बोलते तिनं थांबा म्हटलं की लोक थांबतात." माझ्या गप्प बसण्याचा कोणी उपयोग करून घेतल्याची ती पहिलीच वेळ.

आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. वर्कशॉपमधली वीज वरचेवर जायची. गेली की सगळे वैतागायचे, मॅडम मात्र शांत, पदराने वारा घेत बसायच्या. वीज परत आली की सगळे "आली, आली" करत कामाला लागायचे आणि मॅडमचा चेहरा उतरायचा. त्या खिडकीबाहेर बघून पुटपुटायच्या, "उतरला असेल ना?"

कोण, ते मला त्यांनी म्हापशाच्या बसमध्ये सांगितलं. शुक्रवार होता, बाजाराची गर्दी, आम्हाला कशीबशी जागा मिळाली होती. डिचोली सोडल्यावर त्या बोलायला लागल्या आणि खिडकीकडे तोंड करूनच बोलत राहिल्या.

त्या तरुण होत्या, डिचोलीला कनिष्ठ अभियंता. त्यांच्या हाताखाली बेळगावकडचा एक लाइनमन होता, इराप्पा. त्या काळी लाइनमनांची एक रीत होती. खांबावर चढण्याआधी ट्रान्सफॉर्मरजवळचा स्विच खाली ओढायचा आणि त्या हँडलवर आपला शर्ट टांगायचा. शर्ट आहे म्हणजे माणूस वर आहे. उतरल्यावर ज्याचा शर्ट त्यानेच काढायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कुलपापेक्षा पक्कं होतं. मुळगावात अशाच एका दिवशी इराप्पाने शर्ट टांगला आणि शेतापलीकडच्या खांबावर गेला. मध्येच पाऊस आला. स्विचला लागून एक घर होतं. घरातल्या बाईने बघितलं, कोणा गरीब पोराचा शर्ट भिजतो आहे. तिने तो काढून आत नेला, पिळला, दोरीवर वाळत घातला. थोड्या वेळाने दुसरा लाइनमन आला. हँडल मोकळं. त्याने हाक मारली, पावसात उत्तर ऐकू येण्यासारखं अंतर नव्हतं. इराप्पा उतरला असं समजून त्याने स्विच वर केला.

"चौकशी झाली," मॅडम म्हणाल्या. "शर्टाचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. वाऱ्यानं उडाला असेल म्हणून लिहिलं. मला कळलं. मी दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले तर बाईनं माझ्यासमोर घडी घातलेलं खमीस आणून ठेवलं. म्हणाली, 'भिजतालें गे, म्हूण भितर हाडलें.' भिजत होतं, म्हणून आत आणलं."

"मग तुम्ही?"

"खांबावर कोण तरी मेला हे तिनं ऐकलं होतं. मला विचारलं, 'तो न्हय मगो?' तोच नाही ना? मी म्हटलं, नाही. मेला तो दुसरा. हा आपल्या गावी गेला, शर्ट न्यायला येईल."

बस थांबली, माणसं चढली. मॅडम बोलायच्या थांबल्या आणि बस सुटल्यावर म्हणाल्या, "त्यात कोणाची चूक असती ना, तर मी त्या माणसावर रागावून मोकळी झाले असते. चूक कोणाचीच नाही गो. इराप्पानं केलं ते बरोबर, दुसऱ्यानं बघितलं ते बरोबर, बाईनं केलं ते तर पुण्य. आणि सगळं बरोबर करून माणूस मेला. हे कुठल्या तक्त्यात घालू मी?"

ती बाई अजून होती. खूप म्हातारी झाली होती. मॅडम वर्षातून एकदा तिच्याकडे जाऊन चहा पिऊन येत.

आमच्या नव्या यंत्रणेत शर्ट नव्हता. लाइनमनने मोबाइलवरून 'रोखा' असा आदेश द्यायचा. तो असेपर्यंत यंत्रणा त्या तारेत वीज सोडणार नाही. पण लाइनमन कधी कधी आदेश मागे घ्यायला विसरतात आणि वाडा, म्हणजे सगळी वस्ती, उगाच अंधारात राहतो. म्हणून आमचे प्रकल्पप्रमुख देसाई सर यांनी एक सोय घातली होती. मोबाइल खांबापासून दूर गेला, की यंत्रणेने समजायचं माणूस काम संपवून निघाला, आणि 'रोखा' आपोआप काढून टाकायचा. देसाई सर हुशार होते आणि चांगले होते, हे मुद्दाम सांगते. पावसात मुलींना स्टँडपर्यंत सोडल्याशिवाय ते गाडी घराकडे वळवत नसत. त्यांना चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी यंत्रणा सुरू करायची होती. चवथीला गोव्यातलं प्रत्येक घर भरलेलं असतं आणि आरतीच्या वेळी वीज गेली की खात्याला शिव्या बसतात.

आमच्या तक्त्यात प्रत्येक आदेशापुढे ठरलेले प्रश्न होते. दिलाच नाही तर? चुकीच्या वेळी दिला तर? वेळेआधी काढला तर? मॅडमनी शेवटी एक प्रश्न वाढवला होता: कोणी भल्या मनाने काढला तर?

देसाई सर हसले. "मॅडम, भलं मन मी मोजू कशानं?"

"मोजू नका. फक्त ती सोय काढा. ज्यानं रोखलं त्यानंच सोडायचं."

"पण का? लाइनमनचा मोबाइल त्याच्यापासून दूर कशाला जाईल?"

"तो वर मोबाइल नेत नाही. पडतो. पिशवीत घालून खांबाखाली ठेवतो."

"बरं. मग पिशवी खाली आहे, माणूस वर आहे. पिशवी कोण पळवणार? चोर?"

"चोर न्हय."

"मग? मॅडम, वरच्यांना मी काय सांगू? असं कुठे घडलंय? एक उदाहरण द्या. एकच. आज संध्याकाळच्या आत ती सोय काढून टाकतो. शब्द देतो."

मी मॅडमकडे बघितलं. उदाहरण त्यांच्याकडे होतं. एक वाक्य बोलल्या असत्या की काम झालं असतं. पण ते वाक्य अहवालात जाणार, अहवाल खात्यात जाणार, जुनी चौकशी बाहेर निघणार, आणि कोणीतरी कागद घेऊन मुळगावच्या त्या घरी जाऊन म्हातारीला विचारणार, की शर्ट तुम्हीच काढला होता ना?

मॅडम त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. "ना," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे उदाहरण ना."

"मग राहू दे ती सोय," देसाई सर म्हणाले, आणि माफी मागितल्यासारखं पुढे म्हणाले, "तुम्ही प्रयोग करून दाखवा. मी अडवणार नाही."

त्यांनी प्रयोग आखला. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत खांब उभारून आम्ही एक छोटी लाइन केली होती. तिच्यात मॅडम खेळण्याला चालेल इतकीच वीज सोडू देत. "आपल्याला मारून बघायचं नाही. मेला असता का, एवढंच बघायचं आहे." म्हापशाच्या कापडाच्या दुकानातून आणलेला एक जुना पुतळा खांबावर बांधला. त्याच्या छातीत बल्ब बसवला. तारेत वीज आली की बल्ब पेटणार. पुतळा चढवायला बाबलो होता, मॅडमच्या हाताखालचा जुना लाइनमन, त्यांच्याइतकाच निवृत्त. "बाय, हो कामगार बरो," तो वरून ओरडला. "चाय मागना, रजा मागना, मेस्तावांगडा झगडना!" चहा मागत नाही, रजा मागत नाही, मेस्त्रीशी भांडत नाही.

"त्याला नीट बांध रे," मॅडम म्हणाल्या. "इराप्पाला पाडू नकोस."

बाबलोने वर गाठ सोडून पुन्हा बांधली. बाकीच्यांना वाटलं, पुतळ्याचं नाव गमतीने ठेवलंय.

पुतळ्याचा मोबाइल एका कापडी पिशवीत घालून खांबाखाली ठेवला. 'रोखा' दिला. यंत्रणेतली सगळी वाट खुली. तेवढा एक आदेश वीज अडवून होता. मी लाल बटणाजवळ. देसाई सर छत्री विसरून छपराखाली उभे.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. वाट बघायची."

"कशाची?"

आम्ही वाट बघत राहिलो. कोणीतरी उंडे पाव आणि भाजी आणली, ती खाल्ली. देसाई सर मोबाइल बघत होते, मध्येच म्हणाले की प्रयोगात काहीच घडत नसेल तर तेही एक उत्तरच झालं. मॅडम म्हणाल्या, "होय." त्या खांबाकडे बघतच नव्हत्या. त्या आकाशाकडेही बघत नव्हत्या. त्या देसाई सरांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात मला दया दिसली.

श्रावणातली सर जशी येते तशी ती आली, डोंगरावरून खाली, कौलांवर आवाज करत. लाल माती उडायला लागली. "अरे, ती पिशवी!" देसाई सर म्हणाले, आणि आम्ही कोणी हलायच्या आत ते पावसात धावले.

माझ्या हाताखाली बटण होतं. थांबवण्यासारखं मला काहीच दिसत नव्हतं. एक भला माणूस दुसऱ्या कोणाची तरी वस्तू भिजू नये म्हणून पावसात धावत होता. त्यांनी पिशवी उचलली, छातीशी धरली आणि परत आले. पिशवी आतल्या टेबलावर ठेवून रुमालाने पुसू लागले.

यंत्रणेने आपलं काम बरोबर केलं. बिघाड नाही. माणूस निघून गेला. स्विचचा आवाज झाला आणि खांबावर, पावसात, पुतळ्याच्या छातीतला बल्ब पेटला.

दिवसाच्या उजेडात तो बल्ब फार मोठा दिसत नव्हता. पिवळट, ओला. देसाई सर रुमाल हातात घेऊन उभे होते. त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते त्या टेबलापासून मागे सरकले, जणू पिशवीतच करंट होता.

"मी..." ते म्हणाले. "ती भिजत होती म्हणून..."

"होय," मॅडम म्हणाल्या. "चूक नाही तुमची." त्या माझ्याकडे वळल्या. "आता थांबव गो." मी बटण दाबलं. बल्ब विझला. मॅडम पावसात गेल्या, खांबाला बोटांची पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि खूप वेळ तो हात त्यांनी उलटा केला नाही.

ती सोय त्याच आठवड्यात काढली. आता ज्याने रोखलं त्यानेच, खाली उतरून, स्वतःच्या बोटाने सोडायचं. कधी कधी कोणी विसरतो आणि वाडा अंधारात बसतो, आणि लोक खात्याला शिव्या देतात. यंत्रणा चवथीला सुरू झाली नाही, नंतर झाली. त्या प्रयोगापासून रिकाम्या खुर्चीबद्दल कोणी थट्टा केली नाही. देसाई सर आत येताना तिच्या बाजूने जरा अंग चोरून जात.

मला वाटलं होतं, आता मॅडमना बरं वाटेल. पण वीज आली की त्यांचा चेहरा उतरायचा तो उतरायचाच.

चवथ झाल्यावर, प्रकल्पावरचा त्यांचा शेवटचा दिवस होता त्या दुपारी, त्या म्हणाल्या, "मुळगावला येतेस?" मी गेले. घर बदललं होतं, स्विच तर कधीच दुसरीकडे हलवला होता, पण बाहेरच्या सोप्यावर बसलं की शेत आणि पलीकडचे खांब दिसत होते. म्हातारी पार वाकली होती. तिने मॅडमना ओळखलं, मला विचारलं लग्न झालं का, नाही म्हटल्यावर "बरें केलें" म्हणाली आणि चहा आणला. मग आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक शर्ट होता. फिकट निळा, कॉलर विरलेली, घडी इतकी जुनी की रेषांवर कापड पांढरं पडलेलं.

"दर वर्सा धुतां गे," ती म्हणाली. "तो येतलो म्हूण. आतां म्हज्या हातांनी पिळूंक जायना." दर वर्षी धुवायची, तो न्यायला येईल म्हणून, आता हातांनी पिळवत नाही. "तूंच व्हर. ताका दी." तूच ने, त्याला दे.

मॅडमनी शर्टाला बोटांची पाठ लावली. थांबल्या. मग दोन्ही हात उलटे करून तो घेतला.

"दितां," त्या म्हणाल्या. देते.

"तो बरो आसा मगो?" तो बरा आहे ना?

"बरो आसा, माये."

ही म्हातारी आता नाही, म्हणून हे लिहिते आहे. मॅडमही नाहीत. पार्शाला काजूच्या दिवसांत त्या गेल्या, मला दोन दिवसांनी कळलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच, मुळगावच्या बस थांब्यावर.

म्हापशाची बस आली. मी चढले, त्यांच्यासाठी जागा धरली. त्या खालीच उभ्या. "तू जा," त्या म्हणाल्या, "मी मागच्या बसनं येते." पाऊस सुरू झाला होता. मी खिडकीतून म्हटलं, "मॅडम, छत्री." छत्री त्यांच्या हातातच होती, मिटलेली. दुसऱ्या हातावर शर्ट होता. थांब्याच्या छपराखाली मासळी विकून परतणारी एक बाई टोपली घेऊन बसली होती. तिने हात पुढे केला. "अगे, भिजता तें! हाड हांगा, भितर धरतां." भिजतंय ते, आण इकडे, आत धरते.

मॅडमनी मान हलवली. शर्ट मागे घेतला नाही. त्या छपराच्या बाहेर एक पाऊल सरकल्या, घडी मोकळी केली आणि हात लांब केला. बस सुटली. वळणापर्यंत त्या मला दिसत होत्या. शर्ट भिजून गडद निळा होत होता, बाह्या खाली लोंबत होत्या, आणि त्या तो तसाच भिजू देत होत्या.